रविवारी सकाळी नऊ माणसं घेऊन मिसळीला जायचंय (नाशिक): कसं जमवावं?

गोदाकाठची

नमस्कार मंडळी. येत्या रविवारी घरी पाहुणे आहेत आणि सकाळी सगळ्यांनी मिळून मिसळ खायला जायचं ठरलंय. माणसं नऊ. सासरे (७६, साखर आणि बीपी), सासूबाई (कवळी आहे), कोल्हापूरहून नणंद, तिचे यजमान आणि त्यांचा पंधरा वर्षांचा मुलगा, पुण्याहून सासूबाईंच्या धाकट्या बहीण, म्हणजे मावशी, आम्ही दोघं आणि आमची चार वर्षांची मुलगी.

कोल्हापूर, पुणे आणि नाशिक अशी तीन गावांची तोंडं एकाच टेबलावर येणार. मला नुसती हॉटेलांची नावं नकोत, ती सगळीकडे मिळतात. निघायचं किती वाजता, मोठ्या आवाराचं ठिकाण बरं की गावातलं छोटं, नऊजणांत प्लेटा किती सांगायच्या, तिखट न सोसणाऱ्यांचं काय करायचं, हे कुणी नीट सांगेल का?

---

पंचवटीकर

ताई, आधी वेळेचं. रविवारी साडेनऊ ते साडेअकरा हा गर्दीचा कळस असतो. नऊजणांना एकदम बसायचं असेल तर सव्वाआठपर्यंत टेबलावर टेकलेलं बरं. त्या हिशोबाने घरातून पावणेआठला निघा. "सगळे आवरले की निघू" म्हटलंत तर नऊ माणसांच्या घरातून साडेनऊच्या आत कुणी बाहेर पडत नाही.

दुसरं, मोठं आवारच निवडा. गावातल्या जुन्या दुकानांत चार-चार जणांची टेबलं असतात, तिथे तुमची तीन ठिकाणी फाटाफूट होईल आणि मागे उभी असलेली माणसं तुमच्या उठण्याची वाट बघत राहतील. सासऱ्यांना घास गिळणं अवघड होईल. गंगापूर रोड, बारदान फाटा, मखमलाबाद या बाजूला मळ्यातली, चुलीवरच्या मिसळीची ठिकाणं आहेत. तिथे लांब बाकं असतात, मुलांना झोके असतात, गाडी लावायला जागा असते.

दोन गाड्या असतील तर एक वीस मिनिटं आधी सोडा. पण त्याआधी फोन करून विचारा की नाव एकट्याने येऊन लिहिता येतं की सगळे आल्यावरच टेबल देतात. बऱ्याच ठिकाणी दुसरा नियम असतो. तसं असेल तर आधी गेलेला माणूस नुसताच ताटकळतो.

आणि फोनवर हेही विचारा: पाठ टेकता येईल अशा खुर्च्या आहेत का? मळ्यातल्या ठिकाणी बाज, खाट, बिनपाठीचं बाक असा थाट असतो. दिसतो छान, पण शहात्तर वर्षांच्या माणसाची कंबर अर्ध्या तासात बोलायला लागते. स्वच्छतागृह टेबलापासून किती लांब आहे आणि तिथे पायऱ्या आहेत का, हे त्याच फोनमध्ये उरकून घ्या.

---

शाहूपुरी

झोके बघून मिसळीचं ठिकाण ठरवायचं? कोल्हापूरचे पाहुणे आहेत म्हणता, तर त्यांच्या बाजूने बोलतो.

आमच्याकडे मिसळ म्हणजे कट, झणझणीत रस्सा. उद्यमनगरात फडतरे, कसबा बावड्यात बावडा मिसळ, अशी नावं आहेत. माणूस बसतो, खातो, उठतो. पंधरा-वीस मिनिटांचं काम. मसाला कांदा-लसणाचा, सोबत पाव नाही तर स्लाइस ब्रेड. हा ब्रेड मुद्दाम असतो. स्लाइस कटात बुडवली की भिजते पण हातात लगेच तुटत नाही, आणि ताटलीच्या कडेचा मसाला पुसून घेते. पाव मऊ, तो तळाशी जाऊन बसतो. नणंदेच्या यजमानांनी ब्रेड आहे का विचारलं तर त्याला हट्ट समजू नका.

नाशिकचा काळा रस्सा त्यांना पहिल्या घासाला वेगळा लागेल. भाजलेल्या खोबऱ्याचा आणि दगडफुलाचा वास पुढे येतो, लसूण मागे राहतो. त्यांना आधी सांगून ठेवा, म्हणजे कोल्हापूरची चव शोधत बसणार नाहीत.

---

सदाशिव_पेठ

मावशींच्या बाजूने. पुण्यात मिसळीत पोहे किंवा चिवडा असतो, बटाट्याची भाजी असते, रश्श्याला सँपल म्हणतात. मुंजाबाच्या बोळातल्या बेडेकरांच्या पद्धतीची मिसळ गोडसर असते, गोडा मसाला आणि गुळाचा अंश. पेठेतल्या माणसाला नाशिकचा रस्सा थेट दिला तर ठसका ठरलेला. ठिकाणी कांदेपोहे मिळत असतील तर एक प्लेट मागवा, त्यावर उसळ आणि वरून दोन पळ्या रस्सा. मावशींना घरच्यासारखं वाटेल आणि पोह्यामुळे तिखटही आवरतं.

---

शाहूपुरी

गुळाची मिसळ ही गोड आमटी झाली, असं मी मनापासून मानतो. पण मावशींना पोहे मागवा, ही सूचना चांगली आहे.

---

कढईवाला

इथे सगळे पाव आणि गावं यांवर बोलतायत, पण तुमची सकाळ चांगली जाणं-न जाणं एका गोष्टीवर ठरेल: रस्सा वेगळा मागा. सगळ्यांचा. ऑर्डर देतानाच सांगा, "रस्सा वर घालू नका, बादलीत किंवा वाटीत द्या." मग तीन गावं, म्हातारी माणसं, पोर, सगळ्यांचं आपोआप जुळतं.

का, ते सांगतो. मिसळीच्या पातेल्यात दोन थर असतात. वर बोटभर तेलाचा लाल थर, ती तर्री. खाली पाण्याचा रस्सा. मिरचीतला तिखटपणा देणारा घटक, कॅप्सेसिन, तेलात विरघळतो, पाण्यात जवळजवळ नाही. मिरचीचा लाल रंगसुद्धा तेलातच उतरतो. म्हणजे एकाच पातेल्यातून दोन वेगळ्या तिखटाचे रस्से निघतात. वाढणारा पळी कशी घालतो ते बघा. आडवी, वरच्यावर फिरवली तर निम्मी पळी तर्री येते. पळीच्या पाठीने तर्री बाजूला सारली, तशीच पळी उभी तळाला नेली आणि सरळ वर काढली, तर खालचा रस्सा येतो, वर चार-दोन लाल ठिपके. "कमी तिखट द्या" म्हटलं तर गर्दीत कुणी ऐकत नाही. "खालचा रस्सा द्या, तर्री बाजूला करून" म्हणा. हे वाढप्याला कळतं आणि तो करतो.

नुसत्या रंगावर जाऊ नका. ब्याडगी मिरचीने रंग भरपूर येतो, तिखट कमी. काळा रस्सा लाल दिसत नाही म्हणून सौम्य असतो, हाही गैरसमज.

आता वेळेबद्दल. पंचवटीकर म्हणतात ते गर्दीसाठी बरोबर आहे, पण चवीसाठीही सकाळच बरी. रस्सा मंद आचेवर सारखा उकळत असतो. पाणी उडतं, मीठ तेवढंच राहतं, मग तो खारट व्हायला लागतो. मग वरून गरम पाणी घालतात. चांगल्या ठिकाणी पाण्याबरोबर वाटण आणि मसाला पण घालून परत उकळी आणतात. घाईत नुसतं पाणी पडलं की रस्सा पातळ, कच्चा लागतो आणि तर्री वर तरंगून दिसायला मात्र झणझणीत. साडेअकरानंतर हे जास्त घडतं. बीपीच्या माणसाला आटलेला खारट रस्सा नकोच.

कांद्याकडेही लक्ष द्या. पहाटे चिरून ठेवलेला कांदा नऊनंतर उग्र वास मारतो, कडवट लागतो, कडा सुकतात. वाटीतला कांदा ओलसर, करकरीत असेल तर आत्ता चिरलेला. शंका आली तर लिंबू आणि कोथिंबीर घ्या, कांदा सोडा.

---

निशिगंधा

कढईवालादादा, पळीचं फार उपयोगी सांगितलंत.

चार वर्षांच्या मुलीबद्दल. पाच वर्षांखालच्या मुलांना अख्खे शेंगदाणे देत नाहीत, श्वासनलिकेत अडकतात. मिसळीच्या फरसाणात शेंगदाणे असतातच, डाळंही असतं. तिच्यासाठी फरसाण बाजूला ठेवून नुसती बारीक शेव घ्या.

तिची वाटी अशी लावा: दोन चमचे उकडलेली मटकी (रस्सा घालण्याआधीची, मागितली तर देतात), त्यावर तीन-चार चमचे दही, चिमूट साखर, वर शेव, आणि पावाचा मऊ भाग. दही मिसळ म्हणून वेगळी प्लेट मिळत असेल तर तीच मागवा, फक्त वरची तर्री नको म्हणा.

चुकून तिखट लागलंच तर पाणी देऊ नका. पाण्याने तेल तोंडभर पसरतं. दूध, दही किंवा ताक द्या, दुधातलं प्रथिन तो तिखट घटक धरून जिभेवरून काढून नेतं. पण तो घोट क्षणभर तोंडात ठेवायला सांगा, गटकन गिळला तर उपयोग कमी. आणि त्या हाताने तिला डोळे चोळू देऊ नका. तर्री पाण्याने निघत नाही, आधी कोरड्या कागदाने पुसा, मग साबण. कागदी रुमाल घरून न्या, तिथले दोन घासांत संपतात.

---

वाटीभर

हिशोब मी करून देते.

नऊ माणसं म्हणजे नऊ प्लेटा, असं पहिल्या दमात सांगू नका. वाया जाणारं बहुतेक सगळं पहिल्या ऑर्डरीतलं असतं. आधी सहा मिसळ सांगा. सासू-सासऱ्यांत एक, मावशींना पोहे आणि उसळ, मुलीला दह्याची वाटी, बाकी पाचजणांना एकेक. पंधरा वर्षांचा मुलगा दुसरी प्लेट मागणार, ती त्याने मागितल्यावर द्या. गरम येते.

पाव: एका प्लेटबरोबर साधारण दोन येतात. मोठ्या माणसाला तीन लागतात, वाढत्या मुलाला चार-पाच. सहा प्लेटांचे बारा येतील, जास्तीचे आठ सांगा, पण चार-चार करून. पाव उघड्यावर पाच मिनिटांत वातड होतो.

रस्सा पुन्हा पुन्हा फुकट मिळतो का, उसळ पुन्हा मिळते का, हे आधी विचारून घ्या. रस्सा बहुतेक ठिकाणी हवा तेवढा, पण उसळ आणि फरसाण जादा घेतलं तर पैसे पडतात. बिलावरून वाद तिथेच होतो.

जिलबी पाव किलो नऊजणांना पुरते. पण ती शेवटी नको, सुरुवातीलाच मागवा. मधूनच एक तुकडा तोंडात टाकला की तिखट निवतं, शिवाय कोल्हापूर-पुण्याच्या पाहुण्यांना ही नाशिकची जोडी ठाऊक होईल. चहा मात्र शेवटी.

---

पंचवटीकर

वाटीभर ताईंशी एक मतभेद. मळ्यातल्या ठिकाणी दुसऱ्या ऑर्डरीला वीस मिनिटं लागू शकतात, वाढपी फिरकतच नाहीत. मी तर आठ सांगेन. उरलं तर डब्यात.

---

वाटीभर

मिसळ डब्यात उरवायची गोष्ट नाही हो. एकदा रस्सा पडला की फरसाणाचा लगदा. आठ सांगायच्या असतील तर निदान शेवटच्या दोन न कालवलेल्या ठेवा. आणि सव्वाआठला पोचलात तर वाढपी मोकळेच असतात, तुमचंच म्हणणं आहे ते.

---

मृण्मयी_आहार

सासऱ्यांच्या साखरेबद्दल सगळ्यात महत्त्वाचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते.

जेवणाआधीची गोळी किंवा इन्सुलिन निघण्याआधी घरीच घेऊ नका. प्रवास, पार्किंग, रांग यांत पाऊण तास सहज जातो आणि तेवढ्यात साखर खाली येऊ शकते: घाम, थरथर, चिडचिड, डोकं हलकं होणं. औषध बरोबर न्या आणि डॉक्टरांनी सांगितलेली वेळ घरातून निघण्यापासून नाही, पदार्थ टेबलावर येण्यापासून मोजा. डॉक्टरांशी एकदा फोनवर बोलून घ्या. खिशात चार ग्लुकोज बिस्किटं आणि साखरेच्या पुड्या असू द्या.

मिसळ साखरेच्या माणसाला वाईट नाही. मोड आलेली मटकी चांगलीच. जड पडतो तो पाव. ३०-३५ ग्रॅमच्या एका लादी पावात १५ ते १८ ग्रॅम कर्बोदकं असतात आणि तो मैदा, त्यामुळे साखर पटकन चढते. ठिकाणचा पाव मोठा, गोल असेल तर आकडा आणखी वर. म्हणून त्यांच्यासाठी एक पाव, उसळ दुप्पट, फरसाण मूठभर नको, चमचाभर, दही वाटीभर. बीपीसाठी पापड आणि फरसाण हेच खरे मिठाचे साठे आहेत. जिलबीचा एक तुकडा त्यांच्या हातात कुणी ना कुणी देणारच. तो दिला तर त्या पावातला अर्धा कमी करा.

सासूबाईंचं उलट. कवळी असलेल्यांना कडक शेव, पापडी हिरडीखाली टोचते. त्यांच्या प्लेटमध्ये रस्सा आधी घाला आणि चार-पाच मिनिटं थांबा. फरसाण मऊ पडतं. बाकीच्यांना जो लगदा नको असतो, तोच त्यांना खाता येतो.

---

कढईवाला

मृण्मयीताई, अगदी बरोबर. बाकीच्यांसाठी याच्या उलट: प्लेटमध्ये आधी उसळ, मग फरसाण, आणि रस्सा एका कडेने, चार घासांपुरता. सगळा एकदम ओतला की तीन-चार मिनिटांत कुरकुरीतपणा गेला. संपलं की पुन्हा रस्सा, पुन्हा चिमूट फरसाण. लिंबू रस्सा घातल्यावर पिळा, आधी पिळलं तर फरसाण तिथेच ओलं होतं.

---

शाहूपुरी

इथे असहमत. कट सगळा एकदम घालून, चमच्याने कालवून, फरसाण अर्धं भिजलेलं अर्धं कुरकुरीत असताना खाणं यालाच मिसळ म्हणतात. मिसळलं म्हणून मिसळ. थोडं थोडं घालत बसलात तर उसळ-फरसाण वेगवेगळं खाल्ल्यासारखं होतं.

---

कढईवाला

शाहूपुरीदादा, पंधरा मिनिटांत खाऊन उठायचं असेल तर तुमची पद्धत उत्तम. पण इथे नऊ माणसं गप्पा मारत तासभर बसणार आहेत. गप्पांच्या टेबलावर एकदम कालवलेली मिसळ दहाव्या मिनिटाला खिचडीसारखी होते.

---

शाहूपुरी

हे मान्य.

---

बन्सभाजी

विषयाला जरा फाटा फोडतो. पाहुण्यांत पुढच्या वेळी गोव्याचं कुणी असेल तर त्यांची सकाळ वेगळी असते हे लक्षात ठेवा. आमच्याकडे कुटुंबाने बाहेर न्याहारी करायची म्हणजे भाजी-पाव. पातळ भाजी (वाटाणा किंवा अळसांदे म्हणजे गोव्याची चवळी, ओल्या खोबऱ्याचं वाटण), सुकी भाजी बटाट्याची, आणि दोन्ही एका बशीत हवी तर "मिक्स" म्हणायचं. बरोबर मिरची भजी, आणि बन्स. बन्स म्हणजे पिकलेलं केळं आणि मैद्याची गोडसर फुगलेली पुरी. पातळ भाजीत गोड बन्स बुडवून खायचा. लहान मुलं यावर खूश, तिखटाचा प्रश्नच नाही. चार माणसांना वेगवेगळं सांगून मधे ठेवतात आणि सगळे सगळ्यातलं घेतात.

यातून तुमच्या कामाचं एवढंच: रस्सा, उसळ, फरसाण, दही वेगवेगळ्या भांड्यांत मधे मागवलंत तर नऊजण आपापल्या हाताने लावून घेतील.

---

संत्रानगरी

नागपूरची हजेरी लावतो: तर्री पोहे. काळ्या हरभऱ्याची झणझणीत तर्री पोह्यांवर, वर कच्चा कांदा आणि चिवडा. सदाशिव पेठेने मावशींना पोह्यांवर रस्सा सांगितलाय, म्हणजे नकळत आमच्याच गावाला आणलंय त्यांना.

---

सदाशिव_पेठ

मावशींना कळवू नका.

---

चैत्रपालवी

नणंदेकडे किंवा कुणाकडे जैन पथ्य असेल तर एक सांगते, कारण यात नेहमी घोटाळा होतो. "कांदा घालू नका" म्हटल्याने मिसळ जैन होत नाही. रश्श्याच्या वाटणातच कांदा-लसूण असतो, तर्रीतही असतो. पोह्यांत कांदा-बटाटा आधीच पडलेला. साबुदाणा खिचडीतही बटाटा असतो, आणि साबुदाणाच मुळी कंदाचा, म्हणून काहीजण तोही खात नाहीत. अशा माणसासाठी दही, जिलबी, ताक एवढंच उरतं. त्यापेक्षा इडली मिळणारं ठिकाण निवडा, आणि सांबारात कांदा असतो म्हणून नुसत्या चटणीबरोबर मागवा. चटणीतही लसूण नाही ना, ते विचारा.

उपवास असेल तर उपवासाची मिसळ विचारा: खिचडी, बटाट्याची भाजी, वरून दाण्याची आमटी, बटाट्याचा चिवडा. पण चिवडा तळलेलं तेल आणि वाढायची पळी वेगळी आहे का, हे विचारल्याशिवाय कडक उपवासवाल्यांनी घेऊ नये.

---

पंचवटीकर

थंडीचं राहिलं. डिसेंबर-जानेवारीत नाशिकला पहाटे पारा दहाच्या खाली उतरतो. उघड्यावरच्या टेबलावर स्टीलची थाळी बर्फासारखी असते, रस्सा वाढल्या वाढल्या कोमट होतो आणि तर्री टाळूला चिकटते. तेव्हा उन्हाची बाजू बघून बसा, रस्सा थोडा थोडा आणि दर वेळी बादलीतला गरम मागा. थंडीत माझी सव्वाआठची वेळ पावणेनऊवर न्या, ऊन येऊ द्या.

चुलीवरच्या ठिकाणी वारा कुठून येतोय तेही बघा. दमा असलेल्या माणसाला चुलीच्या धुराच्या रेषेत बसवलं तर सकाळ खोकण्यात जाते. टेबल निवडण्याआधी आवारात एक फेरी मारा.

उन्हाळ्यात गेलात तर मटकी बघून घ्या. मोड फार लांब, मटकी बुळबुळीत आणि आंबूस वास असेल तर ती उतरलेली आहे. उन्हाळ्यात भिजवून बारा-चौदा तासांत मोड येतात, त्यापुढे फडक्यात तशीच राहिली की आंबते. रश्श्याच्या मसाल्यात हा वास लपतो, म्हणून रस्सा घालण्याआधी दोन दाणे नुसते खाऊन बघा. रस्सा वेगळा मागण्याचा हाही एक फायदा.

---

ओसरी

बिलाबद्दल थोडं. सेवा शुल्क, म्हणजे सर्व्हिस चार्ज, आपोआप लावता येत नाही. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या जुलै २०२२च्या मार्गदर्शक सूचना आहेत. बिलात दिसला तर काढायला सांगा. वाढप्याच्या हातात काय द्यायचं ते द्या. नऊ माणसांच्या टेबलाने त्याला तीस फेऱ्या घडवलेल्या असतात.

आणि कृपा करून पैसे कोण देणार हे घरीच ठरवा. गल्ल्यावर दोन जावयांची झटापट झाली की मागची रांग थांबते.

---

गोदाकाठची

सगळ्यांचे मनापासून आभार. एवढं बारकाईने कुणी सांगेल असं वाटलं नव्हतं.

आता असं ठरवलंय: पावणेआठला निघायचं, यजमान आणि भाचा आधी जाणार. फोन करून विचारलं, नाव एकट्याने लिहिता येतं, पाठीच्या खुर्च्या चार आहेत आणि ब्रेडसुद्धा मिळेल. मिसळ सहा, पोहे एक, दही तीन वाट्या, जिलबी पाव किलो सुरुवातीला. रस्सा वेगळा, दोन बादल्या, एक तर्रीची आणि एक तळातली. सासऱ्यांच्या डॉक्टरांशी उद्या बोलते. बिल सासरेच देणार, त्यावर घरात एकमत आहे.

एकच प्रश्न उरला. शेजारच्या काकू घरीच असतात, गुडघ्यांमुळे बाहेर पडत नाहीत. त्यांच्यासाठी आणायची आहे. घरी पोचायला पाऊण तास लागेल. टिकेल का?

---

वाटीभर

टिकेल, पण चार गोष्टी चार ठिकाणी. उसळ एका डब्यात, रस्सा दुसऱ्यात, फरसाण कागदाच्या पुडीत, पाव कापडात. फरसाण प्लास्टिकच्या पिशवीत गरम डब्याशेजारी ठेवलं तर वाफेने मऊ पडतं. कांदा आणूच नका, काकूंच्या घरी चिरा.

---

कढईवाला

रस्सा घरच्या घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात घ्या, पातळ पिशवीत उकळता रस्सा नको. डबा गळ्यापर्यंत भरू नका, दोन बोटं रिकामा ठेवा. गरम रश्श्याच्या वाफेने झाकण उचलतं आणि तर्रीच आधी बाहेर येते, कारण ती वर असते. डबा गाडीत पायाशी उभा ठेवा, मांडीवर नको.

घरी गेल्यावर रस्सा एकटाच पातेल्यात ओतून खळखळून उकळी येऊ द्या. आटलेला वाटला तर अर्धी वाटी पाणी उकळीआधी घाला, नंतर नाही. उसळ त्यात टाकून एक वाफ आणा. पाव कोरड्या तव्यावर दोन्ही बाजूंनी अर्धा अर्धा मिनिट. गुडघ्यांच्या गोळ्या चालू असतील तर काकूंच्या पोटाला तिखट सोसत नसेल, त्यांच्यासाठी तळातला रस्सा मागून घ्या.

---

निशिगंधा

आणि लिंबाची फोड विसरू नका. पार्सलमध्ये तीच नेहमी राहते.